पाठीमागं लावलेली विभूती

लातुरात डाळमिलच्या मशिनी दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, पण स्वतःचं विमान बाळगणारा दुरुस्तीवाला एकच, मलप्पा. विमान म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काहीतरी चकचकीत उभं राहतं, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. हे विमान चार माणसांचं, एका पंख्याचं, पेट्रोलवर चालणारं आणि मलप्पाच्या पुतणीच्या दुप्पट वयाचं. कुठलासा फ्लाइंग क्लब बंद पडला, त्यांनी ते काढून टाकलं आणि यानं उचललं. पिस्टन, रिंगा आणि ग्रीसमध्ये ज्याचा जन्म गेला, त्याला त्या इंजिनाची भीती वाटायचं काही कारण नव्हतं. आमच्याकडची माणसं ज्या वयात गुडघ्याला तेल चोळायला लागतात, त्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो विशीतल्या पोरांच्या वर्गात बसला, परीक्षा दिल्या, एकदा नापास झाला, परत बसला आणि लायसन घेऊन आला.

पण गावात त्याचं नाव झालं ते उडण्यामुळं नव्हे, सावधपणामुळं. शहराबाहेर धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये विमान उभं असायचं आणि दर रविवारी सकाळी मलप्पा तिथं हजर. आधी दोन्ही पंखांखालून थोडं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढायचं, उन्हाकडं धरायचं, तळाला पाणी दिसतं का बघायचं. मग तेल, चाकं, ब्रेक, बिजागऱ्या. हे सगळं त्यानं स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहून काढलं होतं, त्रेचाळीस ओळी, आणि कार्ड लॅमिनेट करून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. अकरा वर्षं तो त्या कार्डावर बोट ठेवून ओळ ओळ मोठ्यानं वाचत विमानाभोवती फिरला. एकदा व्याह्यांना शेडपर्यंत नेऊन, उदगीरच्या बाजूला ढग दिसले म्हणून नुसता चहा पाजून परत पाठवलं. व्याही महिनाभर फुगून बसले. मलप्पा मात्र ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगायचा.

"वर जायचं काय, कुनीबी जातंय," म्हणायचा. "न जायला अक्कल लागती."

कार्डावरची एकोणिसावी ओळ या गोष्टीत महत्त्वाची आहे. विमानाच्या डाव्या अंगाला, दाराच्या थोडं पुढं, रुपयाएवढी एक चकती असते आणि तिच्या मधोमध बारीक भोक. त्या भोकातून बाहेरची हवा आत जाते. आपण किती उंच आलो आणि किती वेगानं चाललो हे सांगणारे काटे त्याच हवेवर चालतात. ओळ होती: 'भोक साफ आहे का, डोळ्यानं बघणे.'

वर गेल्यावर तो अगदी वेगळा माणूस व्हायचा. खाली मांजरा नदीचं वळण, सोयाबीनचे चौकोन, रस्त्यावरची मुंगीएवढी एसटी. अधूनमधून नांदेडपर्यंत जाऊन यायचा. तिथं त्याचा मिस्त्री राहायचा, वैजनाथ. विमानाच्या कागदांवर सही करायचा परवाना असलेला, कमी बोलणारा, पन्नाशीचा माणूस. दोघं चहा प्यायचे आणि दुसऱ्यांनी केलेल्या चुकांच्या गोष्टी सांगायचे. दुसऱ्यांच्या चुका हा मलप्पाचा आवडता विषय होता.

घरात मात्र एका माणसानं ते विमान अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. मलप्पाची आई, शरणम्मा. वय ब्याऐंशी, पाठीत वाकलेली, डोळे अजून लख्ख. रोज सकाळी तिची लिंगपूजा झाली की विभूतीची वडी थेंबभर पाण्यात उगाळून ती ओसरीत बसायची आणि घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर तीन बोटं ओढायची. मलप्पा एकोणसाठ वर्षांचा झाला तरी तिच्यापुढं वाकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. विमान बघायला चल म्हटलं की ती म्हणायची, "तू वर गेलास की मी हितं खाली जीव मुठीत धरून बसते. तेवढं लई हाय."

गेल्या वर्षी खंडेनवमीला तीच म्हणाली, मी येते. कारण दामिनी वर जाणार होती. दामिनी म्हणजे मलप्पाच्या धाकट्या भावाची मुलगी, नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला, दसऱ्याला घरी आलेली. खंडेनवमीला मलप्पाच्या वर्कशॉपात लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची, तशी विमानाचीही व्हायची, पण आजवर ती दोघातिघांत उरकायची. या वेळी दोन जीपा भरून पाहुणे आले. शेडपुढं सतरंजी पडली, पेढे आले, चाळीसेक माणसं जमली.

मलप्पानं सकाळी सातलाच येऊन त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ओळी तपासल्या होत्या. पाहुणे उतरताच त्यानं हात वर करून नियम सांगितले. हार पंख्याला घालायचा नाही. नारळ तिकडं लांब दगडावर फोडायचा. अक्षता टाकायच्या नाहीत, कुठंतरी जाऊन बसतात. लोकांनी माना डोलावल्या. एका पाहुण्यानं दुसऱ्याला सांगितलं, बघ, याला म्हणतात शिस्त. मलप्पानं ते ऐकलं आणि त्याला फार बरं वाटलं.

शरणम्मानं काही टाकलं नाही, काही फोडलं नाही. ती विभूतीची वाटी घेऊन हळूहळू विमानाकडं गेली. नाकावर तीन बोटं ओढली. चाकावर ओढली. मग डाव्या अंगाला आली आणि त्या चकतीपाशी थांबली. एवढ्या मोठ्या पांढऱ्या पत्र्यावर ती गोल जागा कपाळासारखी दिसत होती. फोटो काढणारे सगळे नाकापुढं गोळा झालेले. तिनं बोटं वाटीत बुडवली आणि चकतीवर दाबून ओढली. मधलं बोट बरोबर भोकावरून गेलं.

मलप्पा कापराचं ताट धरून चार पावलांवर उभा होता. त्यानं ते पाहिलं.

इथं उगीच फाटे फोडण्यात अर्थ नाही. त्याला दिसलं, कळलं, एकोणिसावी ओळ शब्दन्‌शब्द आठवली. पण ब्याऐंशी वर्षांची आई पहिल्यांदा आलेली, चाळीस माणसं बघताहेत, आणि तिच्या हातची ओली विभूती तिच्यादेखत फडक्यानं पुसायची, हे त्याच्यानं होईना. बसायच्या आधी हळूच पुसू, असं त्यानं मनाशी ठरवलं. मग आरती झाली, पेढे वाटले, कुणीतरी त्याला खांद्याला धरून फोटोला उभं केलं, दामिनी आत जाऊन बसलीसुद्धा. तो दार उघडून चढला तेव्हा चकती हाताच्या अंतरावर होती. विभूती वाळून पांढरीशुभ्र झाली होती. लोक टाळ्या वाजवत होते. त्यानं हात केला तो लोकांना.

विमान सुरेख उठलं. शेड मागं पडली, झाडं खाली गेली, आणि उंचीचा काटा जमिनीवर होता तिथंच राहिला. मलप्पानं काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. जसजसे वर चालले तसतसा वेगाचा काटा मात्र खाली यायला लागला.

वेग गेला की विमान पडतं, एवढं प्रत्येक पायलटाच्या हाडात असतं. भोक बुजलंय म्हणून काटा खोटं बोलतोय, हे मलप्पाला ठाऊक होतं. शपथेवर सांगायला लावलं असतं तर त्यानं तिथंच सांगितलं असतं. पण हातांनी ऐकलं नाही. त्यानं नाक खाली दाबलं. वाऱ्याचा आवाज वाढला.

"अप्पा, आवाज वाढून राहिला," दामिनी म्हणाली. घरातली सगळी पोरं त्याला अप्पाच म्हणायची. "काटा तर कमी दाखवतोय. तुमचं कार्ड काढू का?"

"गप बस जरा."

कार्डाच्या मागच्या बाजूला, त्याच्याच अक्षरात, लिहिलेलं होतं: 'काटे अडकले तर पॅनेलखालची खुंटी ओढणे.' ती ओढली की काट्यांना आतली हवा मिळते आणि काम भागतं. खुंटी त्याच्या गुडघ्यापासून वीतभर होती. कार्ड छातीवरच्या खिशात होतं. पोरीनं मागितलं तेव्हा त्यानं ते दिलं नाही, कारण कार्ड दिलं असतं तर तिला कळलं असतं की अप्पा घाबरलेत.

तो वळून परत आला. बुजलेल्या भोकाआड जमिनीवरचीच हवा अडकली होती, म्हणून खाली येता येता काटे खरं बोलायला लागले होते, पण तोवर त्याचा त्यांच्यावर भरवसा उरला नव्हता. पडण्याच्या भीतीनं तो नको इतका वेग घेऊन उतरला. विमान टेकलं, उसळलं, परत टेकलं, परत उसळलं, आणि तिसऱ्यांदा पुढचं चाक मोडून नाक धावपट्टीवर घासत गेलं. पंख्याची टोकं वाकली. दामिनीचं कपाळ समोर आपटलं आणि भुवईच्या वर तीन टाके पडले. जीव वाचला म्हणायचं.

बातमी कळताच वैजनाथ नांदेडहून निघाला आणि दुपारी पोहोचला. दामिनीला टाके घालून झाले होते. शरणम्मा घरी जायला तयार नव्हती, म्हणून निम्मे पाहुणेही शेडपाशीच होते. वैजनाथनं हात न लावता बॅटरी मारून सगळं पाहिलं आणि त्या चकतीपुढं बराच वेळ उभा राहिला.

"हे बुजलंय," तो म्हणाला. "अप्पा, हे तुमच्या नजरेला कसं पडलं न्हाई?"

सगळ्यांनी मलप्पाकडं पाहिलं. अकरा वर्षांची शिस्त, व्याह्यांचा चहा, सकाळचे नियम, सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं.

"मी सकाळी सातला सगळं बघितलं होतं," मलप्पा म्हणाला. "हे मागून लावलंय. माझ्या पाठीमागं."

शरणम्मा सतरंजीवर बसली होती. तिनं मलप्पाकडं पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडं.

"हाव," ती म्हणाली. "त्याच्या पाठीमागंच लावलं मी. मला म्हातारीला काय कळतंय त्यातलं."

झालं. पुढं विमानखात्याचे साहेब चौकशीला आले, त्यांनीही तेच लिहून घेतलं. मलप्पानं जबाबाखाली सही केली. नातेवाईक म्हणाले, माय बिचारी, श्रद्धेनं करायला गेली. कुणी कुणी मलप्पाची समजूत काढली, की आईवर राग धरू नको. तोही मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला, "राग कशाचा, म्हातारं माणूस हाय." हे वाक्य त्यानं किती जणांना ऐकवलं त्याला आता आठवतही नाही, आणि त्याची सगळ्यात जास्त लाज त्याला याच वाक्याची वाटते.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, तो नेहमीसारखा ओसरीत आईपुढं वाकला. शरणम्मानं वाटी त्याच्याकडं सरकवली.

"तूच लाव," ती म्हणाली.

"का गं, अव्वा?"

"लाव म्हनते ना. माझ्या हाताचं काय खरं न्हाई."

त्या दिवसापासून तिनं कुणाच्याच कपाळाला बोट लावलं नाही. विभूती उगाळून ठेवायची, वाटी उंबऱ्याजवळ सारायची आणि आत निघून जायची. घरातली माणसं आपापली बोटं बुडवून आपापली कपाळं रंगवायला लागली. मलप्पाला रोज सकाळी त्या वाटीत बोटं घालावी लागायची. सांगून टाकू, असं तो रोज ठरवायचा आणि रोज काहीतरी आडवं यायचं. एकदा तर लाइट गेली म्हणून राहिलं. खरं कारण एकच होतं. सांगितलं की तो गावातला सगळ्यात सावध माणूस राहणार नव्हता, आणि तेवढं सोडलं तर आपल्यापाशी दुसरं काही आहे की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

विमान महिनोन्‌महिने वैजनाथच्या हाताखाली होतं. इंजिन उघडलं, नवा पंखा आला, पुढचं चाक बसलं. या श्रावणात विष्णुपुरीच्या कॉलेजातल्या मुलांनी मलप्पाला बोलावलं. लहान विमान सुरक्षित कसं उडवावं, यावर चार शब्द सांगा म्हणाले. तो आनंदानं गेला. दोनशे मुलं, हातात माइक. पेट्रोलचा ग्लास, कार्ड, ढग, व्याही, सगळं रंगलं. मग कुणीतरी अपघाताचं विचारलं.

त्यानं सांगितलं. चांगलं सांगितलं. सकाळी सातची तपासणी सांगितली आणि मग आई कशी आली ते सांगायला लागला. आणि सांगता सांगता, काय झालं कोण जाणे, तो पाठीत वाकला, हातात वाटी धरल्यासारखं केलं आणि शरणम्माची चाल चालून दाखवली. तीन बोटं हवेत ओढली. सभागृह हसून लोटपोट झालं. त्यालाही हसू आलं. तिसऱ्या रांगेत दामिनी बसली होती. भुवईवरची खूण तेवढ्या लांबूनही दिसत होती. ती हसली नाही.

नंतर ती त्याला गाडीपर्यंत सोडायला आली. अभ्यासाचं बोलली, मेसच्या जेवणाचं बोलली. गाडीचं दार लावताना म्हणाली, "अप्पा, पोरं अव्वाला हसली."

लातूर येईपर्यंत मलप्पानं गाडीत रेडिओ लावला नाही. घरी आल्यावर शरणम्मानं विचारलं, "काय सांगितलंस पोरांना?"

"असंच. सावधगिरीचं," तो म्हणाला आणि जेवायला नको म्हणून झोपायला गेला.

सकाळी वैजनाथचा फोन आला. विमान तयार आहे, या बघायला. मलप्पा आंघोळ करून ओसरीत आला. वाटी उंबऱ्याजवळ होती. शरणम्मा आत निघाली होती.

"अव्वा, थांब," तो म्हणाला. "बस जरा."

ती बसली. तो तिच्यापुढं जमिनीवर बसला. बोलायचं कुठून ते त्याला सुचेना, मग त्यानं सरळ शेवटचंच सांगितलं.

"तू माझ्या पाठीमागं न्हाई लावलीस. मी बघून राहिलो होतो. मला दिसलं होतं."

शरणम्मा भिंतीला टेकली.

"तेव्हाच पुसायला पायजे होती. तुझ्यादेखत पुसाया लाज वाटली. मग इसरलो. अन् मग समद्यांपुढं तुझ्यावर ढकललं. तिकडं साहेबाला लिहून दिलं. काल कॉलेजात पोरांपुढं तुझी नक्कल केली मी, अव्वा."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"नक्कल? दामिनीनं सांगितलं?"

"नक्कल न्हाई ठाऊक. ते आधीचं ठाऊक हाय." तिनं पदराचं टोक गुडघ्यावर सारखं केलं. "लावायच्या आधी मी तुझ्याकडं बघितलं होतं. म्हनलं, याच्या मशिनीला काय चालतंय, काय न्हाई, इचारावं. तू समोर ताट धरून हुबा होतास. मी बोट दाखवलं. तू मान हलवलीस."

मलप्पाला आधी आठवेना. मग आठवलं. कापराचा धूर, आईची वर उचललेली तीन बोटं, तिची विचारणारी नजर, आणि त्यानं मान हलवली होती. लाव, म्हणून. इतके महिने त्यानं स्वतःला एवढंच कबूल केलं होतं की आपल्याला दिसलं आणि आपण गप्प राहिलो. परवानगी दिल्याचं तर तो साफ विसरून गेला होता. अंगावरचे कपडे कुणी ओढून नेल्यासारखं त्याला झालं.

"मग तू तेव्हा बोलली का न्हाईस?" त्यानं विचारलं. "वर हाव म्हनलीस."

"चाळीस मानसांत तुला खोटं पाडू?"

"घरात तरी बोलायचं. वर्ष होत आलं."

"तू सांगशील म्हनून थांबले होते," शरणम्मा म्हणाली. "रोज वाटी ठिवत होते ना म्होरं."

मलप्पा खाली मान घालून रडला. एकोणसाठ वर्षांचा माणूस ओसरीत बसून रडताना बरा दिसत नाही, पण तिथं बघायला आईशिवाय कुणी नव्हतं. ती त्याला उगी म्हणाली नाही. रडू दिलं. मग वाटी स्वतःकडं ओढली आणि तीन बोटं तिच्यात बुडवली. तो सवयीनं पुढं वाकला. तिनं हात वरच धरला.

"आधी पोरीला सांग," ती म्हणाली. "तिचं कपाळ फुटलंय. मग त्या मिस्त्रीला सांग, साहेबाला काय लिहायचं ते लिही. पर आधी पोरीला."

"सांगतो. सांजच्याला फोन करतो."

"आत्ता."

त्यानं फोन काढला. दामिनीचा नंबर लावला. शरणम्मा ओली बोटं तशीच धरून बसली होती, पाणी मनगटावरून ओघळत होतं.

"बोला अप्पा," दामिनी म्हणाली.

मलप्पानं सकाळी सातपासून सुरुवात केली आणि काही न गाळता सांगितलं. मान हलवल्याचंसुद्धा सांगितलं. सांगून झालं तरी त्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला, ती काय म्हणेल ते ऐकायला.